खोलीत चूल बंद, मग पोरं मॅगीच खाणार

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात एका सद्गृहस्थांचं पत्र होतं, की हल्लीची कॉलेजची पोरं मॅगीवर जगतात, आयांना स्वयंपाक नको झालाय, पोरांना नुसते जिभेचे चोचले पाहिजेत, आणि आम्ही बघा कसे चटणी-भाकरीवर शिकलो. वाचून गप बसावं म्हटलं, पण दोन दिवस डोक्यातनं जाईना म्हणून लिहायला घेतलंय. मोबाईलवर टाईप करतोय, ऱ्हस्व-दीर्घ तुम्हीच बघून घ्या.

आधी मी कोण ते सांगतो. मी एसटीत कंडक्टर होतो, ३१ वर्षं, आता रिटायर. साताऱ्यात घर आहे, वरच्या मजल्यावर दोन खोल्या काढल्यात, त्यात कॉट बेसिसवर चार पोरं ठेवतो. म्हणजे या विषयात मी दोन्ही बाजूंनी सापडलोय, पोरांचे डबे वाहिलेला पण मीच आणि पोरांना मॅगी खायला लावणारा पण मीच. कसं ते पुढं येईलच. (मॅगी म्हणजे इथं कुठल्याही कंपनीचे नूडल्स समजा, आमच्याकडं सगळ्यालाच मॅगी म्हणतात, कुठल्याही वनस्पती तुपाला डालडा म्हणायचे तसं.)

तर त्या सद्गृहस्थांची चटणी-भाकरी. ती त्यांनी स्वतः थापली नसणार हे मी छातीवर हात ठेवून सांगतो, कारण ती भाकरी मी आणलीय. वडूजहून पहाटे गाडी निघायची, पुसेगाव, कोरेगाव करत साताऱ्याला, त्या गाडीवर मी बरीच वर्षं होतो. ड्रायव्हरच्या शेजारी इंजिनाच्या बॉनेटपाशी जागा असते तिथं डब्यांच्या पिशव्या लागायच्या, युरियाच्या गोणीच्या शिवलेल्या, जुन्या साडीच्या, कुठल्या तरी कापडदुकानाच्या, आणि प्रत्येकीवर मार्करनं पोराचं नाव आणि कॉलेज. कॉलेज चालू असलं की पंचवीस-तीस डबे सहज. फाट्यावर गाडी दिसली की बायका पळत यायच्या, केस अजून ओले, हाताला पीठ, "कंडक्टर, आडवा करू नका हो, आमटी हाय". आणि मग गाडीत तो वास, लसणाची चटणी, मेथी, गरम बाजरीची भाकरी फडक्यात गुंडाळली की येतो तो, पुढच्या सीटवरचा माणूस न खाता घरातनं निघाला असला तर त्याची पार पंचाईत. साताऱ्यात गाडी स्टँडात वळली की पोरं तिच्या मागं पळत यायची, गाडी फलाटाला लागायच्या आत निम्मे डबे खिडकीतनं गेलेले असायचे.

संध्याकाळच्या गाडीला रिकामे डबे परत. त्यात कधी कधी चिठ्ठी असायची, डबा म्हणजे पोस्टच होतं ते एक प्रकारचं. वाचायची नसते पण एखादी पिशवीच्या तोंडालाच खोचलेली असायची, वाचली जायची. एकदा एका पोरानं लिहिलेलं, आई तीन भाकरी नको चार पाठव, रूमवरच्या एकाला डबा येत नाही. दुसऱ्या दिवशी त्याची पिशवी उचलली तर मला वजनावरनंच कळलं, चार नव्हत्या, सहा तरी असतील.

हे सगळं संपलं कसं म्हणाल तर एका दिवसात नाही संपलं. मार्च २०२० ला लॉकडाऊन लागला, कॉलेजं बंद, पोरं गावाला. मग पुन्हा जरा सुरू होतंय तोवर २०२१ च्या दिवाळीत एसटीचा संप लागला तो २०२२ च्या एप्रिलपर्यंत ताणला, त्यावर मी काही बोलणार नाही, त्यात बसलेली माझीच माणसं होती आणि त्यांची पण पोरं शिकत होती. पण एवढ्या दोन-अडीच वर्षांत सवय मोडली ती मोडलीच. डबा देणारी आई आता कुठं पोल्ट्रीवर जाते, कुठं एमआयडीसीत पहिल्या शिफ्टला, तिलाच सकाळी सातची गाडी पकडायची असते. आणि खरं बोलायचं तर पोरांना पण गोणीची पिशवी घेऊन स्टँडातनं चालायची लाज वाटायला लागली होती, ते लॉकडाऊनच्या आधीपासनंच. असो.

आता माझ्या घरची गोष्ट. वरच्या खोल्या भाड्यानं दिल्या तेव्हा मी पत्र्याची पाटी रंगवून घेतली आणि जिन्यात ठोकली. खोलीत स्वयंपाक करू नये. गॅस, शेगडी, हीटर वापरू नये. आढळल्यास डिपॉझिट जप्त. तिसरी ओळ लाल रंगात. माझं काय चुकलं, सगळेच लावतात, आमच्या गल्लीत सात घरांत पोरं-पोरी ठेवतात आणि सातही घरांत हाच नियम, शब्द इकडचे तिकडे. भिंती काळ्या होतात, बिल वाढतं, सिलेंडरची भीती, शिवाय खरकटं खिडकीतनं खाली टाकतात.

दोन वर्षं झाली, जुलै महिना, पाऊस लागून राहिलेला, रात्री साडेअकराच्या सुमाराला आख्ख्या घराची लाईट गेली. शेजारी बघितलं तर त्यांची चालू. म्हणजे आपलाच मेन पडला. बॅटरी घेऊन वर गेलो तर दार आतनं लावलेलं, आत कुजबुज, आणि दाराखालनं तो मसाल्याचा वास. दार उघडलं तर चौघं खाली वर्तमानपत्र अंथरून बसलेले, मध्ये इलेक्ट्रिक केटली, तिच्यात सहा पुडकी कोंबलेली, फेस वर येऊन खाली बुडाच्या प्लगपर्यंत ओघळलेला, तिथंच शॉर्ट झालेलं. एकाच्या हातात वर्गात वापरायची फूटपट्टी, तिनं ढवळत होता. चमचा एकच, तो दुसऱ्याकडं होता. शेजारी कागदावर कच्चा कांदा चिरलेला आणि मूठभर शेंगदाणे, आणि ते शेंगदाणे चार ढिगाऱ्यांत वाटलेले, सारखे, मोजून. ती चार ढिगाऱ्यांची मांडणी बघितली आणि माझा आवाजच चढेना. डिपॉझिटचं वाक्य तोंडात तयार होतं बरं का.

म्हटलं काय रे, मेसला का नाही गेला. तर एक म्हणाला, काका आज रविवार. मेसला रविवारी दुपारी फीस्ट असते आणि रात्री सुट्टी, हे मला माहीतच नव्हतं, माझ्याच घरात पोरं राहून. मग म्हटलं बाकीच्या सहा दिवशी? तेव्हा त्यांनी हिशेब सांगितला. दोन वेळची मेस २,८००, एक वेळची १,५००. फरक १,३०० चा. रात्री रोज दोन पुडकी खाल्ली तरी महिन्याला ९०० च्या आत बसतं. राहिले ४००, त्यात मोबाईलचा रिचार्ज निघतो, आणि रिचार्ज नाही तर लेक्चर नाही, टेस्ट सिरीज नाही, घरी फोन नाही. हे चौघांपैकी तिघं करत होते. घरनं सहा हजार येतात, त्यात मला १,८०० देतात, अभ्यासिकेचे ७००, वर झेरॉक्स आणि परीक्षांचे फॉर्म. जिभेचे चोचले कुठं बसतात यात ते सद्गृहस्थांनी दाखवून द्यावं.

त्यातला एकजण पोलीस भरतीचा. पहाटे उठून पळायला जायचा, १,६०० मीटर, १०० मीटर, गोळाफेक, या तिन्हीचे मार्क असतात. गोळा टाकायला ताकद लागते आणि ती ताकद मैद्यातनं काढत होता बिचारा.

आता मी कंडक्टर माणूस, हिशेबाशिवाय झोप येत नाही, आयुष्यभर रात्री डेपोत पैशाचा भरणा करूनच घरी गेलोय. तर खाली येऊन पुडक्यामागचं वाचत बसलो, चष्मा लावून. २०२२ च्या मार्चमध्ये ७० ग्रॅमचं पुडकं बाराचं चौदा झालं. ७० ग्रॅमला चौदा रुपये, म्हणजे किलोला झाले २०० रुपये. दोनशे! साताऱ्यात ज्वारी किंवा बरा तांदूळ त्याच्या पाव भावात येतो, आणि पुडक्यात आहे काय तर मैदा, पामतेल, मीठ-मसाला. मी आमच्या मंडळींना उठवून सांगितलं की अगं मॅगी स्वस्त नाहीच, २०० रुपये किलो आहे. त्या म्हणाल्या स्वस्त नाही तर मग पोरं का खातात, आणि कूस बदलून झोपल्या. मी मात्र त्या प्रश्नावर पहाटेपर्यंत जागा.

ते का खातात याचं उत्तर माझ्याच जिन्यात खिळ्यानं ठोकलेलं होतं. ज्वारी स्वस्त आहे पण तिला तवा पाहिजे. तांदूळ स्वस्त आहे पण त्याला पातेलं आणि वीस मिनिटं आच पाहिजे. मटकी, घेवडा, अंडी, सगळ्याला आच पाहिजे. आणि आम्ही मालक लोक सांगतो की आच सोडून काय वाट्टेल ते करा. मग नुसत्या गरम पाण्यावर पोट भरेल अशी वस्तू दुकानात एकच आहे.

ती तयारच तशी केलीय. पोरांनीच मला नंतर वाचून दाखवलं मोबाईलवर. जपानमध्ये मोमोफुकू आंदो नावाचा माणूस, महायुद्धानंतर ओसाकात खायची मारामार असताना लोक थंडीत शेवयांच्या गाड्याभोवती रांग लावून उभे राहिलेले त्यानं बघितले होते. पुढं धंदा बुडाल्यावर त्यानं घरामागच्या शेडमध्ये खटपट केली आणि ऑगस्ट १९५८ मध्ये पहिले झटपट नूडल्स बाजारात आणले. युक्ती साधीच, म्हणतात बायको टेम्पुरा, म्हणजे तिकडची भजी, तळत होती ते बघून सुचली. शेवया वाफवायच्या आणि मग तेलात तळायच्या, आतलं पाणी फुर्र उडून जातं आणि त्याच्या जागी बारीक बारीक भोकं राहतात, नंतर गरम पाणी टाकलं की त्या भोकातनं आत शिरतं आणि शेवई परत मऊ. आपल्या कुरडईचंच लांबचं भावंड म्हणा. आणि गंमत अशी, तेव्हा जपानमध्ये ताज्या उडॉन शेवयांचा वाटा ६ येनला मिळायचा आणि हे पुडकं होतं ३५ येनला. म्हणजे जन्मापासनंच ते महाग. पैसे शेवयांचे नसतात, चूल तुमच्या वतीनं कारखान्यातच पेटवून झालेली असते, तिचे असतात. ज्याच्याकडं चूल आहे त्यानं ते पैसे का द्यावेत, आणि ज्याच्याकडं नाही त्यानं दुसरं काय करावं.

आपल्याकडं हे १९८३ च्या आसपास आलं, तेव्हा दोन मिनिटांत आई मुलाला खायला देते अशा जाहिराती, म्हणजे घरातल्या मधल्या वेळच्या भुकेचा माल होता तो. आता बघा, २०२३ साली जगात साधारण १२,००० कोटी वाट्या खपल्या म्हणतात, आणि चीन, इंडोनेशियाच्या पाठोपाठ आपला नंबर तिसरा. त्यात आमच्या जिन्याचा पण वाटा आहे. यवतेश्वरच्या घाटात पावसाळ्यात टुरिस्ट लोक हीच मॅगी पन्नास-साठ रुपये प्लेट देऊन धुक्यात फोटो काढत खातात, त्यांच्यावर कुणी पत्र लिहीत नाही हे पण जाता जाता लिहून ठेवतो.

तब्येतीचं म्हणाल तर मी काही डॉक्टर नाही, पण पाकिटावर छापलेलं वाचता येतं. एका पुडक्यात जेमतेम सहा ग्रॅमच्या आसपास प्रोटीन, म्हणजे एका अंड्याएवढं. आणि सोडियमचा मिलिग्रॅममधला आकडा असतो त्याला चारशेनं भागलं की मीठ किती ग्रॅम ते कळतं, बहुतेक पुडक्यांत दीड ते दोन ग्रॅम निघतं. जागतिक आरोग्य संघटना सांगते की माणसानं दिवसाला पाच ग्रॅमच्या आत मीठ खावं. रात्री दोन पुडकी खाल्ली की तीन-चार ग्रॅम तिथंच संपले, सकाळच्या मेसच्या आमटीचं आणि लोणच्याचं वेगळं. कधीमधी खाल्लं तर काही बिघडत नाही, मी पण खातो, पण रोज रात्री तेच आणि जोडीला काही नाही, हे विशीच्या पोराला पुरत नाही.

कुणी म्हणेल की अहो त्यावर २०१५ ला बंदीच आली होती. आली होती, ५ जूनला देशभर आली, शिसं आणि अजिनोमोटोच्या लेबलाच्या वादावरनं, मग १३ ऑगस्टला मुंबई हायकोर्टानं ती उठवली आणि नोव्हेंबरात माल परत दुकानात. मी तेव्हा ड्युटीवर होतो. मधल्या पाच महिन्यांत कुणाच्या रूमवर भाजी-भाकरी शिजायला लागल्याचं मी तरी ऐकलं नाही, पोरांनी दुसऱ्या कंपनीचं पुडकं घेतलं नाही तर वडापाव.

सरकारी सोयी नाहीत असं नाही. दहा रुपयांची शिवभोजन थाळी २६ जानेवारी २०२० ला सुरू झाली, दोन चपात्या, भाजी, वरण, भात. चांगली गोष्ट आहे. पण ती दुपारची. आणि त्यातला एक आकडा माझ्या डोक्यात बसलाय, सरकारनं तेव्हा शहरातल्या एका थाळीची किंमत ५० रुपये धरली, दहा खाणाऱ्यानं द्यायचे आणि चाळीस सरकारनं. म्हणजे साध्या जेवणाला पन्नास लागतात हे सरकारला पण मान्य. आता दुसरा आकडा बघा, वसतिगृहात नंबर न लागलेल्या अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध मुलांसाठी स्वाधार योजना आहे, त्यात जिल्ह्याच्या ठिकाणी जेवणाचे वर्षाला २५,००० धरलेत. भागा ३६५ नं. सत्तर रुपये पण येत नाहीत, त्यात दोन जेवणं आणि नाष्टा. ज्यांना कुठलीच योजना नाही त्यांचं तर बोलायलाच नको. (त्याआधी १९९५ ला रुपयात झुणका-भाकर पण होती, आठवत असेल. स्टँडाबाहेरची ती केंद्रं मी बघितलीत, पुढं पुढं तिथं झुणका सोडून सगळं मिळायचं.)

आणि हे सगळं साताऱ्यात चाललंय याचं मला जास्त वाईट वाटतं. याच गावात कर्मवीर अण्णांनी, म्हणजे भाऊराव पाटलांनी, १९२४ ला गरीब पोरांसाठी बोर्डिंग काढलं, १९२७ ला गांधीजींनी त्याला शाहू महाराजांचं नाव दिलं. सगळ्या जातीची पोरं एका पंगतीला. अण्णांच्या पत्नी लक्ष्मीबाई म्हणजे वहिनी, त्यांच्या अंगावरचे दागिने पोरांच्या जेवणासाठी एकेक करून गेले आणि शेवटी एकदा घरात दाणा नाही म्हणून मंगळसूत्र मोडलं, हे साताऱ्यातल्या शाळकरी पोराला पण माहीत आहे. पाटी ठोकताना मला हे माहीत नव्हतं का, होतं की. दरवर्षी २२ सप्टेंबरला कर्मवीर जयंतीच्या मिरवणुकीला हात जोडून दारात उभा असतो मी. माझ्याकडं कुणी मंगळसूत्र मागत नव्हतं, एक प्लग पॉइंट मागत होते, तो पण मागायची हिंमत नव्हती म्हणून केटलीत भागवत होते.

तर आम्ही काय केलं ते सांगतो, मोठेपणा म्हणून नाही, कुणाला उपयोग व्हावा म्हणून. खाली मागच्या बाजूला पडवी आहे, तिथं पूर्वी माझी सायकल आणि लाकडं असायची. ती मोकळी केली. कडाप्प्याचा एक तुकडा ओटा म्हणून बसवला, वायरमनकडनं वेगळं कनेक्शन काढून १५ अँपियरचा प्लग, वेगळा एमसीबी आणि सबमीटर. जुना इंडक्शन मुलीकडं पडून होता तो आणला. एक तीन लिटरचा कुकर, एक कढई, एक पातेलं, तवा त्यांनी आणला. बेसिनचं पाणी बाहेर काढायला प्लंबरनं जरा जास्त घेतले, बाकी सगळं मिळून सहा-सात हजारात झालं.

बिलाची भीती होती ना, तिचा पण हिशेब ठेवलाय. चौघांचा रात्रीचा स्वयंपाक, कुकर आणि एक भाजी, सबमीटरवर रोज सरासरी एक युनिटच्या आसपास जातं. महिन्याला तीस-बत्तीस युनिट. ते चौघांत वाटून घेतात, माणशी सत्तर-ऐंशी रुपये. याच्यासाठी मी लाल रंगात डिपॉझिट जप्त लिहिलं होतं! आणि धोक्याचं म्हणाल तर वर चोरून केटलीत मॅगी उकळणं जास्त धोक्याचं, केटली पाण्यासाठी असते, तिच्यात फेस आला की बुडाच्या सर्किटवर उतू जाणारच, आमची वायर जळाली ती तशीच.

पहिले पंधरा दिवस विचारू नका. भात करपला, कुकरची शिट्टी उडून पत्र्यावर जाऊन बसली, एकानं वरण म्हणून जे केलं होतं त्यात डाळ शोधावी लागत होती. मग मंडळी दोन-चार संध्याकाळी जाऊन उभ्या राहिल्या, हात न लावता, नुसतं तोंडानं. भिजत टाकायचं सकाळी, हे पोरांना मुळात माहीतच नव्हतं की कडधान्य सकाळी भिजत घालायचं असतं. कोरेगावकडचा वाघ्या घेवडा, ज्याला २०१६ ला जीआय मानांकन (अमुक भागाचाच माल म्हणून सरकारी शिक्का) मिळालं, तो आपल्या जिल्ह्याचा माल, एका पोराच्या तर घरच्या शेतात होतो तरी त्यानं कधी स्वतः शिजवला नव्हता. आता घरनं येताना पाच किलो घेऊन येतो. सकाळी भिजवला, रात्री चार शिट्ट्या, कांदा-लसूण मसाला, चौघं भाताबरोबर पोटभर खातात. मी खर्च काढला, माणशी वीस-बावीस रुपये पडतात, तेलासकट. दोन पुडक्यांना अठ्ठावीस पडत होते. भाकरी मात्र अजून कुणाला जमत नाही, भाकरी मंडळींकडनं कधी कधी जाते वर, त्याचे पैसे द्यायला आले होते, मंडळींनी काय उत्तर दिलं ते छापण्यासारखं नाही.

पोलीस भरतीवाल्यानं रोज तीन अंडी लावलीत. आता तो पहाटे पळायला निघतो तेव्हा आधी अंडी लावायला खाली येतो, झाकण आपटतं, माझी झोप मोडते. तक्रार केली की म्हणतो काका तुम्ही पहाटेच्या गाडीला कितीला उठायचा.

म्हणून त्या सद्गृहस्थांना माझं एवढंच म्हणणं आहे की पोरांना नावं ठेवायच्या आधी तुमच्या घरात जर पेइंग गेस्ट असतील (बहुतेक असतील, आपल्या सगळ्यांकडं आहेत) तर जिन्यातली पाटी वाचून या. आणि साताऱ्यातल्या, कराडातल्या, तिकडं सांगली-विश्रामबागच्या सगळ्या खोलीमालकांना आणि अभ्यासिकावाल्यांना विनंती, गॅस नका देऊ, खोलीत पण नका करू देऊ, पण सगळ्यांत मिळून एक ओटा, एक प्लग, एक नळ एवढं काढा. अभ्यासिकावाल्यांनी चोवीस तास एसी आणि वायफायची जाहिरात लावलीय, त्यात एका कोपऱ्यात इंडक्शन बसवला तर काय बिघडतंय. भाडं शंभर रुपये जास्त घ्या हवं तर, पोरं देतील, मी विचारलंय. आमच्या गल्लीतल्या सातपैकी दोघांनी येऊन पडवी बघितली, एकजण टेपनं मापं घेऊन गेलाय. दुसरा म्हणाला आमच्याकडं पोरी असतात, त्या स्वयंपाक करायला लागल्या तर पाणी जास्त जाईल. त्याला मी काय बोलणार.

मॅगी बंद झाली का? नाही. रविवारी रात्री अजून मॅगीच असते, मेसची सुट्टी तशी इंडक्शनची पण सुट्टी म्हणतात. फक्त आता त्यात मटार पडतात, कोबी पडतो, कधी उरलेला घेवडा पण, आणि एक वाटी खाली येते आमच्यासाठी झाकण ठेवून. मंडळी आधी नाक मुरडायच्या. मागच्या रविवारी वाटी यायला उशीर झाला तर जिन्याकडं दोनदा बघून आल्या.

कळावे,
एक रिटायर कंडक्टर, सातारा
(नाव छापू नये, पोरं घरात राहतात, पेपर तेच आधी वाचतात.)

ता. क. पाटी काढली पण तिचे चार खिळे भिंतीत तसेच राहिलेत, दोनावर आता पोरांनी भाजीच्या पिशव्या अडकवल्यात. त्यातली एक गोणीची आहे.